लेटेस्ट म्हणजे पक्कं नव्हे! स्टेबल, बीटा, नाइटली, कॅनरी... नेमकं कुठलं डाउनलोड करायचं?

पुण्यात महापालिकेच्या इमारतीजवळ एक पूल आहे. १९२३ साली तो बांधून झाला तेव्हा तो नवा होता, म्हणून लोक त्याला 'नवा पूल' म्हणायला लागले. आज त्याचं वय शंभरच्या वर गेलंय, अधिकृत नाव वेगळं आहे, तरी रिक्षावाल्याला 'नवा पूल' सांगितलं की तो बरोबर पोहोचवतो. थोडं पुढे 'लकडी पूल' आहे. त्यात लाकडाचा तुकडाही नाही. जुन्या पुणेकराचं यात काही अडत नाही, कारण त्याला नावामागची गोष्ट माहीत असते. अडतं ते परवाच शहरात आलेल्याचं.

सॉफ्टवेअरची डाउनलोड पानं अगदी अशीच असतात. 'लेटेस्ट', 'करंट', 'नाइटली', 'स्नॅपशॉट', 'आरसी', 'कॅनरी', 'फ्रेश', 'स्टिल'. बनवणाऱ्यांना ही नावं घरच्यासारखी. मात्र त्या पानावर पहिल्यांदा आलेला माणूस जे बटण मोठं दिसेल किंवा जो आकडा मोठा दिसेल, त्यावर बोट ठेवतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो आणि नवीन आवृत्त्या बाहेर काढणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे ही नावं आतून कशी तयार होतात ते बघतो, आणि घरच्या ग्रुपवर 'यातलं कुठलं टाकू रे?' हा प्रश्नही वाचतो. या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल हा लेख.

हा विषय आत्ताच का?

कारण गेल्या वर्षभरात नावांचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाय.

अँड्रॉइड १६ चं उदाहरण घ्या. त्याची पक्की आवृत्ती पिक्सेल फोनवर १० जून २०२५ ला आली. पण 'अँड्रॉइड १६ क्यूपीआर१ बीटा १' नावाची गोष्ट त्याच्या तीन आठवडे आधी, २० मे रोजीच आलेली होती. क्यूपीआर म्हणजे दर तिमाहीला येणारं मोठं अपडेट. म्हणजे मूळ अँड्रॉइड १६ बाहेर पडायच्या आधीच त्याच्या पुढच्या अपडेटची चाचणी सुरू झाली होती! एकाच वेळी 'अँड्रॉइड १६ बीटा' आणि 'अँड्रॉइड १६ क्यूपीआर१ बीटा' अशी दोन नावं फिरत होती. यातलं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, हे नुसत्या नावावरून ओळखणं अवघडच.

मग जुलै २०२५ मध्ये गूगलने 'डेव्हलपर प्रिव्ह्यू' हा प्रकार बंद करून 'अँड्रॉइड कॅनरी' आणलं. 'डेव्हलपर प्रिव्ह्यू' या नावात निदान 'हे डेव्हलपरसाठी आहे' एवढं तरी लिहिलेलं होतं. 'कॅनरी'मध्ये तेही नाही. या नावामागे एक जुनी गोष्ट आहे. कोळशाच्या खाणीत कामगार कॅनरी पक्षी सोबत नेत. विषारी वायू असला की माणसाआधी पक्षी कोसळायचा आणि बाकीच्यांना सावध व्हायला वेळ मिळायचा. थोडक्यात, कॅनरी आवृत्ती वापरणारा म्हणजे तो पक्षी. हे माहीत असलेला माणूस ती रोजच्या फोनवर टाकणार नाही. पण आपल्याकडे कॅनरी म्हटलं की पिंजऱ्यातला गोड पिवळा पक्षी आठवतो, खाण नाही.

ॲपलने तर थेट आकडेच उडवले. आयओएस १८ नंतर १९ यायला हवं होतं, पण ९ जून २०२५ ला जाहीर झालं आयओएस २६. मधल्या १९ ते २५ या आवृत्त्या कधी अस्तित्वातच आल्या नाहीत. ॲपलचं कारण योग्य आहे, सगळ्या उपकरणांना वर्षाप्रमाणे एकच आकडा द्यायचा. पण 'माझ्या फोनला मधली सात अपडेट्स आलीच नाहीत का?' असं कुणी विचारलं तर त्याला हसू नका. आकडे एकामागून एक येतात, हे आपण पहिलीत शिकलोय.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना '२४डब्ल्यू१४ए' यासारखी नावं माहीत असतील. अर्थ असा: २०२४ सालच्या चौदाव्या आठवड्यातला पहिला स्नॅपशॉट. नियम समजला की सोपं आहे. पण हा स्नॅपशॉट गेमच्या कुठल्या आवृत्तीच्या दिशेने चाललाय, ते त्या नावात कुठेच नसतं. आता २०२६ पासून तिथेही वर्षाप्रमाणे आकडे आलेत आणि स्नॅपशॉटचं नाव '२६.१-स्नॅपशॉट-१' असं झालंय. म्हणजे २६.१ कडे जाणारा पहिला कच्चा टप्पा. नाव चांगलं कसं करता येतं, याचं हे ताजं उदाहरण.

आत नेमकं काय घडतं?

एखाद्या ॲपवर दहा-वीस जण काम करत असतात. दिवसभर प्रत्येक जण आपापले बदल एकाच सामायिक कोडमध्ये टाकत असतो. रात्री ठरलेल्या वेळी एक स्वयंचलित यंत्रणा तो सगळा कोड उचलते, त्याचं ॲप बनवते आणि सर्व्हरवर ठेवते. ही झाली 'नाइटली'. त्या क्षणी कोड जसा होता तसाच त्याचा फोटो काढला, म्हणून 'स्नॅपशॉट'. या फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असतील, कुणी अर्धवट उठलेलं असेल. कुठल्याही माणसाने तो बघून 'हा चांगला आलाय' असं म्हटलेलं नसतं.

त्यापुढच्या पायऱ्या साधारण अशा:

'अल्फा' म्हणजे बरंचसं बनलंय, पण आमच्याच लोकांनी वापरून बघायचंय. 'बीटा' म्हणजे जे द्यायचं ते बनून झालंय, आता बाहेरच्या लोकांनी चुका शोधायच्या. 'आरसी', म्हणजे रिलीज कँडिडेट: आमच्या मते हे झालंय, काही गंभीर सापडलं नाही तर हेच पक्कं म्हणून बाहेर जाईल. आणि 'स्टेबल' म्हणजे पक्की आवृत्ती, जी सगळ्यांसाठी असते. काही ठिकाणी त्याही पुढे 'एलटीएस' असते: नवीन सोयी मिळणार नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या बरीच वर्षं येत राहतील.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नाइटली ही नेहमीच सगळ्यात नवीन असते आणि स्टेबल ही त्या मानाने कायमच जुनी. म्हणजे 'नवीन' आणि 'पक्कं' हे दोन शब्द एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. बाजारात मात्र आपल्याला उलटं शिकवलेलं असतं. नवीन फोन चांगला, नवीन मॉडेल चांगलं, म्हणून नवीन आवृत्तीही चांगली. बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे.

एका नावावर चार प्रश्नांचा भार

डाउनलोड करणाऱ्याला खरं तर चार वेगवेगळ्या गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हे कुणी बनवलं? हे किती नवीन आहे? हे किती तपासलेलं आहे? आणि हे माझ्या फोनवर चालेल का? नाव मात्र एकच. बनवणारा त्यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर नावात देतो आणि वाचणारा ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर समजतो.

'लेटेस्ट' हा शब्द बघा. गिटहबवर एखाद्या ॲपच्या पानावर हिरव्या रंगात 'लेटेस्ट' असं लिहिलेलं असतं, तेव्हा साधारणपणे त्याचा अर्थ सगळ्यात अलीकडची पक्की आवृत्ती असा असतो. त्याच यादीत तिच्याही वर 'प्री-रिलीज' असा शिक्का असलेली, त्याहून नवीन आवृत्ती असू शकते. पण दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाच्या सर्व्हरवर 'लेटेस्ट' नावाचं फोल्डर म्हणजे काल रात्रीची नाइटली असते. शब्द तोच, अर्थ बरोबर उलटा.

गिटहबवरचा आणखी एक सापळा. प्रत्येक रिलीजखाली 'सोर्स कोड' नावाच्या दोन फाइल्स आपोआप जोडल्या जातात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कित्येकांना मी ती झिप फाइल उघडून आत ॲप शोधताना पाहिलंय. त्यात ॲप नसतं, ॲप बनवायची कृती असते. भेळेची ऑर्डर दिली आणि हातात रेसिपीचा कागद आला, तसं. आणि मुख्य पानावरच्या हिरव्या बटणातून 'डाउनलोड झिप' केलं तर ती त्या क्षणाची अर्धवट कृती असते. म्हणजे तोही स्नॅपशॉटच, फक्त तसं कुठे लिहिलेलं नसतं.

आता आकडे. २.९ मोठं की २.१०? गणितात २.९ मोठं. सॉफ्टवेअरमध्ये २.१० पुढचं, कारण तो दशांश नसतो. ते नववं आणि दहावं अपडेट आहे. पुस्तकातल्या धड्यांसारखं वाचायचं: दुसऱ्या भागातला नववा धडा, दुसऱ्या भागातला दहावा धडा.

जावामध्ये काम करणाऱ्यांकडे तर याहून गमतीदार प्रकार आहे. '१.२-स्नॅपशॉट' असं नाव दिसलं की वाटतं, १.२ झालं आणि त्यानंतर काहीतरी जोडलं. प्रत्यक्षात ते १.२ च्या आधीचं असतं. १.२ बनण्याच्या वाटेवरचं. नाव लांब, पण टप्पा अलीकडचा.

काही नावांना तर क्रमच नसतो. लिबरऑफिसने कित्येक वर्षं आपल्या दोन आवृत्त्यांना 'फ्रेश' आणि 'स्टिल' म्हटलं. फ्रेश म्हणजे नवीन सोयींची, स्टिल म्हणजे जास्त मुरलेली. भाजी मंडईत वाढलेला माणूस 'ताजी' सोडून दुसरी का घेईल? ऑफिसच्या कामासाठी मात्र त्याने ती दुसरीच घ्यावी, अशी बनवणाऱ्यांची सूचना असायची. डेबियनच्या कायम अस्थिर असणाऱ्या शाखेचं नाव 'सिड' आहे. 'टॉय स्टोरी' सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा, तो हा सिड. विनोद मस्त आहे, पण सिनेमा पाहिलेला असेल तरच.

फोनवर हे कुठे चावतं?

कुणी म्हणेल, चुकीचं डाउनलोड झालं तर काढून टाकायचं, त्यात काय? लॅपटॉपवरच्या एखाद्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं असतं. फोनवर नाही.

पिक्सेल फोनवर अँड्रॉइडचा बीटा घेणं दोन मिनिटांचं काम आहे. वेबसाइटवर जायचं, नाव नोंदवायचं, नेहमीसारखं अपडेट येतं. बाहेर पडणं तितकं सोपं नाही. बीटा चालू असताना प्रोग्रॅम सोडला तर फोनला पक्क्या आवृत्तीवर परत आणणारं अपडेट येतं आणि ते फोनमधला सगळा डेटा पुसून टाकतं. फोटो, चॅट, नोट्स, जे बॅकअपमध्ये नाही ते सगळं. पक्की आवृत्ती आल्यावर आणि पुढचा बीटा घेण्याआधी, डेटा न गमावता बाहेर पडण्याची छोटी खिडकी मिळते. पण ती कधी उघडते हे कळायला तुम्हाला आधी 'अँड्रॉइड १६ क्यूपीआर१ बीटा' हे नाव वाचता आलं पाहिजे. ज्याने मे महिन्यात 'अँड्रॉइड १६ लवकर मिळतंय' म्हणून नाव नोंदवलं आणि विसरून गेला, तो पुढच्या तिमाहीच्या चाचणीत आपोआप ढकलला गेला. कॅनरीतून परत यायचं तर फोन संगणकाला जोडून पक्की आवृत्ती नव्याने चढवावी लागते आणि त्यातही डेटा जातोच.

माइनक्राफ्टमध्येही तेच. स्नॅपशॉटमध्ये उघडलेलं जग जुन्या पक्क्या आवृत्तीत पुन्हा नीट उघडेलच असं नाही. सहा महिने खपून बांधलेला किल्ला एका रात्रीत जाऊ शकतो. म्हणून जगाची कॉपी करून मगच स्नॅपशॉट उघडा, असं बनवणारे स्वतःच सांगतात.

ॲप्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्या. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आधीच्या ॲपवरची सही आणि नवीन फाइलवरची सही वेगळी असेल, तर फोन ती फाइल अपडेट म्हणून घ्यायला नकार देतो आणि 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' एवढंच सांगतो. मग कुणीतरी सल्ला देतं, 'जुनं काढून टाक आणि नवीन टाक.' जुनं काढलं की त्याच्यासोबत त्यातला डेटाही जातो. 'डिबग' असं नाव असलेल्या फाइलवर चाचणीची सही असते, 'रिलीज'वर खरी. दोन्ही नावं एकाच यादीत एकाखाली एक दिसतात.

क्रोम आणि फायरफॉक्सने हे त्यातल्या त्यात नीट हाताळलंय. क्रोम, क्रोम बीटा, क्रोम देव्ह आणि क्रोम कॅनरी ही प्ले स्टोअरवर चार वेगळी ॲप्स आहेत, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्त्यांच्या नावातच 'टेस्टर्ससाठी', 'डेव्हलपर्ससाठी' असं लिहिलेलं असतं. ती मूळ ॲपच्या शेजारी बसतात, त्याच्या जागी नाही. बिघडलं तर ते एक काढून टाकलं की झालं. नाव आणि रचना दोन्ही खरं बोलतात.

आपल्या घरातलं उदाहरण: ई-पीक पाहणी

हा प्रश्न फक्त गॅजेटवेड्यांचा आहे असं वाटत असेल, तर गावाकडे फोन लावा. शेतकऱ्याने स्वतः आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करावी म्हणून राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲप राज्यभर आणलं. भूमी अभिलेख खात्याचं मुख्यालय पुण्यातच आहे. त्यामुळे हा तसा आपल्या शहरातूनच चालणारा प्रकल्प. कल्पना चांगली होती आणि आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये 'व्हर्जन-२' आलं. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेलं 'ई-पीक पाहणी डीसीएस' आलं.

आता बाहेरून बघा. 'ई-पीक पाहणी', 'ई-पीक पाहणी व्हर्जन-२', 'ई-पीक पाहणी डीसीएस'. ही तीन ॲप्स आहेत, की एकाच ॲपचे तीन टप्पे? डीसीएस म्हणजे चाचणी की पक्कं? फोनमध्ये जुनं आहे, ते चालेल का? याचं उत्तर नावात नाही. 'डीसीएस' ही तीन अक्षरं प्रकल्पाच्या कागदपत्रांतून थेट शेतकऱ्याच्या स्क्रीनवर आली. दर हंगामात यूट्यूबवर 'नवीन ॲप आलं, जुनं काढून टाका' असे व्हिडिओ निघतात, ते याच कारणाने. आणि शहरात शिकणाऱ्या मुलामुलींना वडिलांचा, काकांचा फोन येतो तोही याच कारणाने.

इथे पणाला काय लागलंय ते बघा. पीक पाहणीची मुदत ठरलेली असते. नोंद राहिली तर नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाने विक्री अशा प्रत्येक ठिकाणी अडचण उभी राहते. चुकीच्या ॲपमध्ये गेलेले दोन दिवस हे मुदतीतले दोन दिवस असतात. शहरात गोंधळलेल्या नावामुळे फार तर गेम बंद पडतो. गावात एका हंगामाचा हिशोब चुकू शकतो.

आधारचंही तसंच. 'एमआधार' बरीच वर्षं होतं. एप्रिल २०२५ मध्ये नव्या ॲपची चाचणी जाहीर झाली आणि वर्षअखेरीस ते सगळ्यांसाठी आलं, नाव नुसतं 'आधार'. दोन्ही खरी, दोन्ही सरकारी, कामं वेगळी. कुठलं ठेवायचं ते नावावरून कळत नाही.

जिथे गोंधळ, तिथे चोर

नाव वाचून काही कळत नाही, अशी सवय लागली की माणूस नाव वाचायचंच सोडून देतो. मग 'आरटीओ चलान.एपीके' नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली तरी बोट आपोआप जातं. लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीकेचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशाच लग्नपत्रिकेच्या फाइलमुळे पैसे गेल्याच्या बातम्या आल्या. फाइलचं नाव हे फक्त नाव आहे. ते कुणीही, काहीही ठेवू शकतं.

ॲपच्या आतला आवृत्तीचा आकडाही तितकाच ठिसूळ. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला दोन आकडे असतात. एक आतला पूर्णांक, ज्यावरून फोन ठरवतो की हे अपडेट पुढचं आहे की मागचं. दुसरा तुम्हाला दिसणारा, आणि तो म्हणजे निव्वळ मजकूर. बनवणारा तिथे 'प्रो', 'व्ही १८', वाटेल ते लिहू शकतो. म्हणूनच जीबी व्हॉट्सॲपसारख्या अनधिकृत ॲप्सचे आकडे खऱ्या व्हॉट्सॲपपेक्षा मोठे आणि भारी दिसतात. खऱ्या व्हॉट्सॲपच्या आवृत्तीत दुसरा आकडा वर्षाचा असतो, २.२५ म्हणजे २०२५. मोठ्या आकड्याला भुलून अनधिकृत ॲप घेतलं तर खातं बंद होण्याची वेळ येते.

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायचं तर बनवणाऱ्याने आधी आपली ओळख पटवून द्यावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात, मग २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीच्या जगात. यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बराच आवाज उठवला आणि जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने नंतर सांगितलं. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण एक लक्षात ठेवा: ओळख पटवण्याने चारपैकी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, हे कुणी बनवलं. हे कच्चं आहे की पक्कं, ते त्याने कळणार नाही. खऱ्या कंपनीची खरी सही असलेली नाइटलीसुद्धा तुमचा डेटा घालवू शकते.

मग बीटा वापरायचंच नाही?

असं मी अजिबात म्हणणार नाही. उलट मराठी वापरणाऱ्यांनी तर चाचणी आवृत्त्या जास्त वापरायला हव्यात. 'ऱ्य' तुटून दिसणं, 'ॲ'च्या जागी चौकोन येणं, मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' ऐवजी हिंदी वळणाची अक्षरं येणं, कीबोर्डवर जोडाक्षर खोडताना अख्खा शब्द जाणं, असल्या चुका अमेरिकेत बसलेल्या टेस्टरला दिसतच नाहीत. त्या आपल्यालाच दिसतात. बीटाच्या वेळी कुणी कळवलं नाही तर त्याच चुका पक्क्या आवृत्तीत बसून राहतात आणि मग वर्षभर सोसाव्या लागतात. पुण्यात या कामाची जुनी परंपराही आहे. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या 'लोहित' फॉन्ट्सची देखभाल बरीच वर्षं इथल्या इंजिनिअर मंडळींनी केली. कच्च्या आवृत्त्या वापरून, चुका नोंदवूनच ते काम झालं.

फरक एवढाच की टेस्टर हा जाणूनबुजून टेस्टर असतो. त्याच्याकडे दुसरा फोन असतो, बॅकअप असतो, आणि चूक सापडली की कुठे कळवायचं ते माहीत असतं. नाव न कळल्यामुळे जो टेस्टर होतो, तो टेस्टर नव्हे. त्याचा फक्त फोन बिघडतो, आणि ती चूकही कुणापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे शब्द आहेत

मला सगळ्यात खटकतं ते हे, की या गोष्टीसाठी मराठीत आधीपासून उत्तम शब्द आहेत. आरटीओत आधी 'कच्चं लायसन्स' मिळतं, मग 'पक्कं'. कच्चं लायसन्स घेऊन मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एकट्याने जायचं नसतं, हे कुणाला समजवावं लागत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत आधी 'प्रारूप' मतदार यादी येते, हरकती घेतल्या जातात, मग 'अंतिम'. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा: एमपीएससीची पहिली उत्तरतालिका आली म्हणून कुणी पेढे वाटत नाही, अंतिम उत्तरतालिकेची वाट बघतात. म्हणजे बीटा आणि स्टेबल ही संकल्पना आपल्याला नवीन नाहीच. फक्त फोनवर आली की ती ग्रीक अक्षरं आणि पक्ष्यांची नावं घेऊन येते.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना, विशेषतः मराठी वापरकर्त्यांसाठी ॲप बनवणाऱ्यांना, माझं सांगणं आहे की टोपणनावं खुशाल ठेवा, पण डाउनलोडच्या बटणाशेजारी तीन साधी वाक्यं लिहा. हे कुणासाठी आहे. यात काय बिघडू शकतं. आणि परत कसं जायचं. 'पक्की आवृत्ती, सगळ्यांसाठी' आणि 'रोजची कच्ची आवृत्ती, दुसऱ्या फोनवर वापरून बघण्यासाठी', एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. सरकारी ॲपच्या बाबतीत तर आणखी एक वाक्य हवंच: जुनं ॲप कुठल्या तारखेपासून चालणार नाही.

तोपर्यंत, डाउनलोड करण्याआधी एवढं बघा

१. नाइटली, कॅनरी, स्नॅपशॉट, देव्ह, अल्फा, डिबग, अनस्टेबल, प्री-रिलीज. यातला एकही शब्द दिसला की ते कच्चं आहे. मुख्य फोनवर नको. बीटा आणि आरसी त्यामानाने बरे, पण बँक आणि यूपीआयची ॲप्स ज्या फोनवर आहेत, तिथे तेही टाळा.

२. 'स्टेबल' किंवा 'एलटीएस' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते घ्या. काहीच लिहिलेलं नसेल तर प्रकल्पाच्या मुख्य पानावरचं बटण बघा, फाइल्सच्या यादीत शिरू नका.

३. मोठा आकडा म्हणजे चांगलं असं धरू नका. सोबतची तारीख आणि 'काय बदललं' ही टीप वाचा. टीप नसेल तर ती बहुधा यंत्राने बनवलेली रोजची आवृत्ती असते.

४. बाहेर पडायचा रस्ता आत जाण्याआधी शोधा. 'बीटा कसं सोडायचं' हे पान आधी वाचा, मग नाव नोंदवा. डेटा पुसला जाणार असेल तर बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उघडतोय का तेही तपासा.

५. एआरएम६४-व्ही८ए, एक्स८६ असली नावं टप्पा सांगत नाहीत, फोनचा प्रोसेसर सांगतात. अलीकडच्या बहुतेक फोनला एआरएम६४ लागतं. कळत नसेल तर 'युनिव्हर्सल' लिहिलेली फाइल घ्या. ती जड असते, पण चालते.

६. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, मग नाव काहीही असो, उघडायची नाही. सरकारी ॲप असेल तर प्ले स्टोअरवर बनवणाऱ्याचं नाव बघा आणि त्या खात्याच्या वेबसाइटवरूनच लिंक घ्या.

आणि घरून 'कुठलं टाकू रे?' असा मेसेज आला तर 'लेटेस्ट टाका' असं उत्तर देऊ नका. नेमकी लिंक पाठवा, आणि शक्य असेल तर फोन करून पाच मिनिटं सोबत थांबा. नावं सुधारायला आमच्या क्षेत्राला वेळ लागेल. पीक पाहणीची मुदत मात्र तेवढी थांबणार नाही.